भोवऱ्यासाठी गप्प

११ जानेवारी

आज मेलोच होतो! जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात मी आणि लांब्या भोवरे खेळत होतो. लांब्या म्हणजे आमच्या लाँड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर. दारातून आत यायचं तर वाकावं लागतं, म्हणून लांब्या. तेवढ्यात सुपरवायझर आला. लांब्याने बादली उचलली आणि फिरत्या भोवऱ्यावर पालथी घातली. पण भोवरा थोडाच थांबतोय? बादली घूं घूं करायला लागली.

"बादलीला काय झालं?"

"काही नाही साहेब, जुनी आहे. कण्हते कधी कधी."

मावशीला हसू आवरेना. मावशी चादरींच्या इस्त्रीवर असते. वयाने सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून सगळ्यांचीच मावशी. सुपरवायझरने बादली उचलली. म्हटलं, गेली नोकरी! तो बघत राहिला. भोवरा आडवा होईपर्यंत बघत राहिला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला — "पुन्हा टाक."

१४ जानेवारी

अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या गॅरेजवालेही डबे घेऊन आले. डोळे भोवऱ्यावर, घास तोंडाऐवजी गालाला. मावशी म्हणाली, "उद्या तिकीट लाव."

१९ जानेवारी

वाफेचा पाइप फुटला. अर्धा दिवस काम बंद. पलंगावर पडून मामाचं दुकान आठवत बसलो.

मामा कातारी. लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याच्या मुठी कातायचा. उरलेल्या तुकड्यांचे भोवरे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी लाकूड कातायचं यंत्र, खाली भुसा, मध्ये आम्हा पोरांचं खडूने आखलेलं रिंगण, शेवटी फळ्यांची भिंत. भिंतीपलीकडे आमची राहायची खोली. बाबा गेले तेव्हा आई मला घेऊन भावाकडे आली ती तिथेच राहिली.

मामाच्या भोवऱ्यावर लाखेचे पट्टे — लाल, पिवळा, हिरवा. ताज्या लाखेचा तो वास! आता नाकात नुसता साबण आणि वाफ. आणि त्याच्या भोवऱ्याच्या पोटाला तिरकं भोक असायचं. म्हणून तो वाजायचा. दुसऱ्या कुणाचा वाजत नसे.

खेळ साधा. दोघांनी जाळी गुंडाळायची — जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी — आणि एकदम टाकायचं. ज्याचा शेवटपर्यंत उभा तो जिंकला. पण मामाचे नियम! चपला बाहेर. भोवरा हातातून सुटला की तोंड बंद. भोवरा जागेवर स्थिर होतो, फिरतोय की नुसता उभा आहे कळत नाही, तेव्हा त्याची समाधी लागलेली असते, म्हणायचा मामा. ती मोडायची नाही. बोलला त्याचा भोवरा आठवडाभर खुंटीला. जिंकलं तरी ओरडायचं नाही. दोन्ही हात वर करायचे आणि बोटं हलवायची. मामा स्वतःसुद्धा दुपारी यंत्र बंद ठेवायचा, लाकडावर पॉलिश पेपर घासत बसायचा. एकदा एकाला शिंक आली. तो नाक धरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पळाला, तिथे शिंकला आणि धावत परत आला! आम्ही सगळे तोंडात शर्ट कोंबून हसलो.

रविवारी मात्र सूट. रविवारी घसा फुटेस्तोवर ओरडा, मामा मान वर करायचा नाही. यंत्रही चालू. का, ते कोणी विचारलं नाही. देवळाला कुलूप असतं, शाळेला सुट्टी असते, तशी समाधीलाही असेल.

इथे परदेशात येऊन तीन वर्षं. या लाँड्रीच्या आधी तीन कामं सोडली. पायाला भिंगरी, म्हणते आई. मामा तर हाकच मारतो — भिंगरी.

२५ जानेवारी

अंगण जाणार! तिथे पत्रे टाकून कपडे सुकवायची मोठी मशीनं बसवणार आहेत. सुपरवायझर सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "वरून आलंय रे. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस."

झालं. संपलं. तशीही सवय आहे मला निघायची.

२७ जानेवारी

लांब्याने बातमी आणली. त्या मोठ्या क्रीडा हॉलचे टॉवेल आपणच धुतो. तिथे तो गठ्ठे टाकायला जातो, आणि गठ्ठे टाकता टाकता तोंड उघडतो. हॉलवाला त्याला म्हणाला, नवीन खेळ असेल तर क्रीडा समितीपुढे एकदा करून दाखवा. लोक बोलवा. समितीला वाटलं की हा खेळ बघायला माणसं येतील, आणि परत येतील, तर मान्यता. मग आठवड्याला एक दिवस हॉल आपला. स्पर्धा, पंच, सगळं.

"आणि नाही वाटलं तर?"

"तर तू आणि मी परत बादलीखाली," लांब्या म्हणाला.

आता तर बादली ठेवायलाही जागा नसेल. मी हो म्हणालो. म्हणजे लांब्याने माझ्या वतीने आधीच हो म्हटलं होतं, मी नंतर म्हणालो.

२ फेब्रुवारी

पहिली चाचणी. हॉलमध्ये लाकडी जमीन, चारी बाजूंना पायऱ्या. वरच्या पायरीवरून भोवरा म्हणजे वाटाण्याएवढा! मी जाऊन बसून बघितलं. मला माझाच भोवरा सापडेना.

गॅरेजवाल्यांनी कॅमेरा आणला, मोठा पडदा लावला. लाँड्रीतले वीसेकजण प्रेक्षक म्हणून बसवले. भोवरे सुटले. पडद्यावर केवढाले दिसले! वा! मग दोघांची समाधी लागली. पडद्यावर दोन भोवरे. हलत नाहीत, डुलत नाहीत. फोटो चिकटवल्यासारखे.

मागून कोणीतरी म्हणालं, "अडकलं वाटतं."

दुसरा म्हणाला, "बंद करून परत चालू करा."

आणि आमचा प्रेक्षक, अस्सल लाँड्रीतला, उठून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. ज्या घटकेसाठी आम्ही श्वास रोखायचो, ती पडद्यावर नुसतं बिघडलेलं यंत्र!

९ फेब्रुवारी

आजची अक्कल माझी. खापर दुसऱ्यावर फोडता येणार नाही.

म्हटलं, कुस्ती बघा, मुष्टियुद्ध बघा. गाणी, ढणढणाट, निवेदक. लोक त्यालाच येतात. दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर भाड्याने आणले, रिंगणाच्या दोन बाजूंना ठेवले. लांब्या निवेदक. टाय लावून आला! कुठून आणला, विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकाचा. उद्या धुवून परत."

भोवरे सुटले. स्थिर होत आले. लांब्या ओरडला, "आणि आता—!" आणि गाणं लागलं. पहिलाच ठोका पडला आणि भोवरे दचकले! खरंच दचकले. लाकडी जमीन थरथरली, दोन्ही भोवरे झुलत झुलत रिंगणाबाहेर निघाले. एक स्पीकरखाली गेला, एक मावशीच्या पायाशी येऊन आडवा झाला.

मावशी म्हणाली, "नाचा म्हणून सांगितलं होतं त्यांना, हे तर पिऊन घरी निघाले!"

सगळे हसले. मीही हसलो. खोलीवर येईपर्यंतच.

१० फेब्रुवारी

पलंगाखालची पिशवी काढली. झटकली. परत ठेवली.

१५ फेब्रुवारी

मामाला फोन केला. इथे जेवणाची सुट्टी असते तेव्हा तिकडे दुपार कलंडलेली असते.

"काय रे भिंगरी, अजून तिथेच? मला वाटलं आतापावेतो चंद्रावर गेला असशील."

"आई कुठंय?"

"झोपलीय. उठवू?"

"नको."

हे आमचं दर वेळचं. आई दवाखान्यात आया. मी लहान होतो तेव्हापासून रात्रपाळी, अजूनही तीच. सकाळी यायची, माझी वेणीफणी नव्हती म्हणून बरं, पण बाकी सगळं करायची आणि जेवून आडवी व्हायची. उठायची तेव्हा दिवेलागण. फक्त रविवारी सुट्टी, तर तेव्हा आठवड्याचं धुणं घेऊन बसायची. मला भोवरा खेळताना तिने कधी धड बघितलंच नाही. आता तर आईशी बोलणं म्हणजे तिच्या झोपेची चौकशी.

मामाला सगळं सांगितलं. पडदा, स्पीकर, सगळं. "मामा, लांबून दिसतच नाही रे काही."

"दिसायचंय काय त्यात? फिरणारा लाकडाचा तुकडा! लोकांना ऐकू दे."

"एवढ्या मोठ्या हॉलमध्ये?"

"गप्प बसव त्यांना. चपला काढायला लाव. लाकडी जमीन म्हणतोस ना? मग तर डफासारखी वाजेल."

"तीनचारशे माणसं गप्प कशी बसतील?"

"तुम्ही बसायचात ना? माकडं होतात एकेक. त्यापेक्षा माणसं सोपी."

मग मी विचारलं, "मामा, हा गप्प बसायचा नियम आला कुठून?"

तो खोकला. "कुठून म्हणजे? मीच केला."

"पण का?"

"तिकडे लाकूड कुठलं मिळतं? बाभळीसारखं जड काही आहे का?"

लाकडावर गेला तो गेला. शेवटी विचारलं, "सामना कधी?" म्हटलं, चौदा मार्च, रविवार.

"रविवार? मग ओरडू दे की लोकांना!"

आणि एकटाच खो खो हसत सुटला. वय झालं की माणूस कशालाही हसतो.

२४ फेब्रुवारी

समितीच्या बाईंना भेटलो. भारदस्त बाई, आखूड केस, उजव्या मनगटाला पट्टा. पूर्वी गोळाफेक करायच्या, हॉलवाल्याने सांगितलं. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. लाँड्रीत असून तेवढंही नाही तर काय!

नियम तोंडी सांगितले. गप्प बसायचं आलं तशा त्या थांबल्या.

"प्रेक्षक ओरडणार नाहीत? मग हा खेळ म्हणायचा की शोकसभा?"

"हात वर करतात, बाई. असे." मी करून दाखवलं. शेजारी लांब्यानेही केले. त्याचे हात दिव्याला लागले.

"हे कशासाठी पण?"

"आमची जुनी चाल आहे. पिढ्यान् पिढ्यांची. भोवऱ्याची समाधी मोडू नये म्हणून." पिढ्या कुठल्या! एका मामापलीकडे मला काही ठाऊक नाही. पण तोंडातून निघून गेलं. लांब्याने पुजाऱ्यासारखी मान हलवली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी मैदानात उतरायचे तेव्हा लोक ओरडायचे ना, ते अजून कानात आहे. तुम्ही तेच काढून टाकताय. बघा बुवा. लोक कंटाळून उठायला लागले तर मला नाही म्हणावं लागेल. राग मानू नका."

रस्त्यात लांब्या म्हणाला, "ओरडू देऊ या का?"

मी म्हणालो, नाही. का म्हणालो, मलाही माहीत नाही. तो नियम काढला तर उरतं काय? दोन लाकडं आणि एक गिरकी. मला ती दुपार हवी होती. फळ्यांच्या भिंतीपाशी उकिडवे बसलेलो सगळे, भुशाचा वास, पॉलिश पेपरची खसखस, आणि मधोमध ते घूं.

६ मार्च

मामाचं पार्सल! दोन भोवरे, भुशात गुंडाळलेले. खोका उघडला आणि अख्खी खोली दुकान झाली. शेजारच्या पलंगावरचा म्हणाला, "कसला वास?" म्हटलं, लाख. त्याला वाटलं मी पैशाचं बोलतोय. समजावत बसलो नाही.

एकाचा आवाज जाड, एकाचा बारीक. मुद्दाम तसे केलेत. म्हणजे डोळे मिटले तरी कोण कुठला कळावं. जाड माझा, बारीक लांब्याचा.

भुसा टाकवेना. उशीच्या अभ्र्यात भरला.

१३ मार्च

उद्या. जेवण गेलं नाही.

१४ मार्च, रविवार

कुठून सुरू करू?

माणसं आली. खरंच आली! लाँड्रीतली, गॅरेजमधली, त्यांच्या घरची, हॉलवाल्याने सांगितलेली, आणि काही कुणाचीच नसलेली. चारशेच्या आसपास, हॉलवाला म्हणाला. दारात चपलांचा डोंगर. मावशीने सांगितलं, "बायांनो, बाबांनो, भोवरा सुटला की चिडीचूप. आनंद झाला तर हात वर. ओरडलात तर माझ्याशी गाठ आहे." मावशीचे दंड बघून सगळ्यांना पटलं.

लांब्या आणि मी समोरासमोर. मी जाळी दोनदा सोडून परत गुंडाळली. लांब्या पुटपुटला, "पडलो तरी समोर पडू, चल."

टाकले.

आधी काहीच नाही. कोणीतरी खोकलं. कुठे बांगड्या वाजल्या. वरच्या पायरीवर कुजबुज. बाईंकडे बघायची हिंमत होईना. मग भोवरे स्थिर झाले आणि कुजबुज विझत विझत खाली आली, एकेक पायरी. आणि मग ते आलं. जमिनीतून आलं! आधी तळव्यांना लागलं, मग कानांना. दोन आवाज, एक जाड एक बारीक, एकमेकांत पीळ घालत. अख्खा हॉल वाजत होता आणि कोणी काही वाजवत नव्हतं. लोक पुढे वाकले. बघायला नाही, ऐकायला. एक म्हातारबुवा चक्क जमिनीला हात लावून बसले.

मधेच गॅरेजमधला एक जाड्या उठला. एक उठला की दहा उठतात. पण तो नाक धरून, अनवाणी, दुडूदुडू दाराकडे पळाला. बाहेर शिंकला. लांबून ऐकू आली शिंक. आणि पळत परत येऊन बसला! चारशेतलं एकही माणूस हसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कुणी शिकवलं होतं?

मग जाड आवाज खाली उतरायला लागला. अगदी किंचित. पण सगळ्यांना कळलं. सगळा हॉल एकदम ताठ झाला. माझाच तो! मनात म्हणत होतो, थांब रे, थांब, अजून थोडा. घरघरला. झोक गेला. आडवा.

बारीक आवाज एकटाच राहिला. तो संपेपर्यंत कोणी हललं नाही. संपला, आणि हात वर गेले. चारशे माणसांचे हात, बोटं हलताहेत, आवाज नाही. हरलो होतो मी, आणि तरी दोन्ही हात वर करून उभा होतो, येड्यासारखा. क्षणभर वाटलं, मागे वळलो की फळ्यांची भिंत दिसेल.

समितीच्या बाईंचे डोळे मिटलेले. हात वर. एका मनगटाला पट्टा.

१७ मार्च

मान्यता मिळाली!!

१९ मार्च

हॉलच्या दारावर पाटी लागली. भोवरा, दर रविवारी. नियम पहिला, भोवरा सुटल्यापासून पडेपर्यंत प्रेक्षकांनी शांत राहावे. बाईंनी स्वतः तो पहिला घातला. म्हणाल्या, "पिढ्यांची चाल आहे, वर असू दे."

लांब्या पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेतो. पाटी त्याच्या खांद्याला लागते. सामन्याचा व्हिडिओ मामाला पाठवला. पिशवी पलंगाखाली आहे. धूळ बसलीय.

२८ मार्च

मामाला फोन केला. म्हणाला, "थांब, आईला देतो. जागी आहे." मला खरं वाटेना! आईची नोकरी संपली परवा. रात्रपाळी संपली. व्हिडिओ बघितला म्हणाली.

"एवढी माणसं जमवलीस, आणि सगळी गप्प का रे बसलीत?"

मी सगळं सांगितलं. मामाचा नियम, समाधी, चपला, हात वर. ती हसायला लागली, थांबेचना. मागून मामाही.

"समाधी कसली, मेल्या! रात्रभर उभं राहून यायचे, आणि भिंतीपलीकडे तुमचा धुमाकूळ. डोळा लागायचा नाही. शेवटी मामाला म्हटलं, हाकल त्या पोरांना. तो म्हणाला, हाकलत नाही, गप्प करतो. दुसऱ्या दिवसापासून तुमची समाधी सुरू! रविवारी मी घरी जागीच, मग रविवारी सूट."

मी भिंतीला टेकलो. चारशे माणसं. चपला बाहेर काढून.

"मग झोप लागायची ना, आई?"

"कुठली! तुम्ही इतके गप्प झालात की तो घूं घूं ऐकू यायला लागला. पडून ऐकत राहायचे. त्यात तुझा कुठला, ते कळायचं मला."

"भिंतीपलीकडून? कसं?"

"तुझा आधी पडायचा."